तीन वायरींचा पंखा

वीज या विषयात मला कुणी शिकवू नये! घरातला प्रत्येक पंखा मी स्वतः टांगलाय आणि आजवर एकही कुणाच्या डोक्यात पडलेला नाही. त्यामुळे बायकोच्या नव्या बेकरीतला, भिंतीत बसवलेला तो भलामोठा पंखा धुवायला काढला, तेव्हा तो परत जोडायचं काम मी अर्थातच अंगावर घेतलं. थोड्या वेळात तपासनीस येणार होते. स्वच्छता पाहून त्यांनी होकार दिला तरच बेकरी उघडणार होती. नाहीतर बायकोने चांगली नोकरी सोडून मांडलेला सगळा डाव मोडणार होता.

"अहो, वायरमनला बोलवू या. हा थ्री फेजचा आहे," बायको म्हणाली.

"त्यात काय एवढं! सिंगल फेज म्हणजे गाडी ढकलायला एक माणूस, थ्री फेज म्हणजे तीन. जोर जास्त, बाकी सगळं तेच!"

घरच्या पंख्याच्या दोन वायरींची अदलाबदल झाली, तरी तो मुकाट्याने फिरतो. मेन स्विच बंद करून मी लाल, पिवळी, निळी, हाताला येतील तशा जोडून टाकल्या.

तपासनीस आले. "वा, चकाचक आहे की!" म्हणाले. मी ऐटीत पंखा सुरू केला.

आतली हवा बाहेर फेकणं हे त्या पंख्याचं काम. त्याने बाहेरची गल्ली आत घ्यायला सुरुवात केली! आधी धूळ आली, मग वाळकी पानं, मग कुणाच्या तरी दोरीवरचा पायमोजा. पोत्यातलं पीठ उठलं आणि खोलीत कोण कुठे आहे तेच दिसेना.

"अहो, उलटा फिरतोय!" बायको ओरडली.

"जोर जास्त आहे ना, म्हणून!" मीही ओरडलो.

तपासनीस खोकत खोकत मागच्या दाराने गल्लीत पळाले. मी मेन स्विच पाडला. अर्धवट काम मला आवडत नाही. तिन्ही वायरी सोडवल्या आणि प्रत्येक एकेक घर पुढे सरकवली. पंखा लावला. पुन्हा उलटा! पिठाचा दुसरा ढग उठला.

बायकोने पापण्यांवरचं पीठ झटकून वायरमनला फोन लावला. तो आधी पोटभर हसला.

"दोनच वायरी आपसांत बदला हो! तिन्ही सरकवल्या तर त्यांचा क्रम तोच राहिला ना! मग पंख्याची दिशा कशी बदलेल?"

दोनच बदलल्या. आणि काय सांगू, पंखा सुलटा! पीठ, पानं, पायमोजा, सगळं एका दमात भिंतीपलीकडे! खोली अशी लख्ख झाली की बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघ, जमलं की नाही?" मी म्हणालो.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. आत एक पांढराफटक माणूस आला. तपासनीस साहेब! बाहेर गल्लीत, पंख्याच्या बरोबर खाली उभे राहून बिचारे कपडे झटकत होते. पायमोजा खांद्यावर होता.

"ताई," ते म्हणाले, आणि तोंडातून पीठ उडालं, "तुमची बेकरी स्वच्छ आहे. जे काय होतं, ते माझ्याकडे आलंय."

बेकरी उघडली. उत्तम चालते, असं ऐकतो. कारण मी आत पाऊल टाकायचं नाही, ही एकच अट होती. ती साहेबांनी घातली, असं बायको म्हणते. साहेब म्हणतात, ताईंनीच सुचवली!