रोह्यांच्या बाईचा काळा ड्रेस

साधनाने अकोल्याहून पाठवलेलं गाठोडं केशवरावांनी घरी न नेता परस्पर शेतात नेऊन सोडलं, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

यात त्यांची तशी काही चूक नव्हती. हरभरा घाट्यावर आला की रोह्यांचे कळप उतरायचे. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर. एका पहाटेत अर्धा एकर साफ करून, वर ढेकर देऊन जाणार. त्यावर दर्यापूरकडच्या लोकांनी एक उपाय काढला होता. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खुंट्या ठोकायच्या आणि जुन्या साड्या बांधायच्या. साड्या वाऱ्यावर फडफडल्या की रोही बिचकायचे. केशवरावांची लेक साधना अकोल्यात शिवणकाम करायची. कॉलनीतल्या बायकांच्या विटक्या साड्या गोळा करून दर साल ती एक गाठोडं दर्यापूरच्या जीपवर टाकून द्यायची. त्याप्रमाणे गुरुवारी गाठोडं आलं, केशवरावांनी खांद्यावर टाकलं आणि थेट शेत गाठलं.

नऊ साड्या बांधून झाल्या. दहावी उलगडली तर तिच्या पोटातून एक काळं प्रकरण बाहेर पडलं. गळ्यापर्यंत बंद, कमरेला दोरीचं आवळण, खाली सात घेर आणि बाह्या अशा की हात पसरले तर वटवाघूळ लाजावं. कडेला सगळी काळी जाळी.

केशवरावांनी ते दोन्ही हातांनी उचलून धरलं. मग त्यांचे डोळे भरून आले. "वा रे पोरी!" ते त्या काळ्या कापडालाच म्हणाले. "बापासाठी बुजगावण्याचा खास ड्रेस शिवून पाठोला!"

त्यांनी उत्साहाने नवी उंच बल्ली रोवली, आडवा बांबू बांधला, ड्रेस चढवला, वर चुन्याने डोळे काढलेलं मडकं ठेवलं. दहा पावलं मागे जाऊन पाहिलं तेव्हा खुद्द त्यांच्याच अंगावर काटा आला.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. तो ड्रेस त्यांच्या नातीचा, हर्षाचा होता. हर्षा अमरावतीला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत दहावीत शिकत होती. शनिवारी संध्याकाळी शाळेत दहावीच्या पोरांचा निरोपाचा कार्यक्रम होता. त्याला यंदापासून 'प्रॉम' म्हणायचं ठरलं होतं. हर्षा उंच होती, एवढाच तिचा गुन्हा. पण त्यामुळे दहा वर्षं प्रत्येक स्नेहसंमेलनात तिला झाड केलं होतं. एकदा वड, दोनदा आंबा, बाकी नुसतंच झाड. शेवटच्या वर्षी तरी आपण झाड व्हायचं नाही, लोकांनी वळून पाहावं असं काहीतरी घालायचं, असं तिनं ठरवलं आणि मोबाइलवरचा एक फोटो आत्याला पाठवला.

"हे गॉथिक हाय आत्या."

"पोरगी चांगली हाय व, पण इच्या घरचं कोणी गेलं काय?" साधनाने विचारलं. पण भाची दहा वर्षं झाड होती हे तिला माहीत होतं. तिने कपाटातून आपली पहिल्या संक्रांतीची काळी साडी काढली, जी तिने पंधरा वर्षं फडक्यात गुंडाळून जपली होती, आणि कात्री चालवली. शिवून झालेला ड्रेस एका साडीत गुंडाळून तिने गाठोड्यात टाकला; हर्षा शुक्रवारी घरी येऊन तो घेणार होती. आबांना, म्हणजे केशवरावांना, मात्र कोणी काही सांगितलं नाही. गॉथिक म्हणजे काय हे त्यांना समजावण्याची ताकद घरात कोणाकडे नव्हती.

शुक्रवारी सकाळी धुक्यातून दूधवाला शेषराव मोटारसायकलवर निघाला. वळणावर त्याने मान वर केली. धुक्यात हात पसरलेली, पांढऱ्या डोळ्यांची काळी बाई उभी, आणि तिचे सात घेर वाऱ्यावर हलत होते. शेषराव गावात पोचला तेव्हा त्याच्याजवळ मोटारसायकल नव्हती, कॅन नव्हते आणि एका पायात चप्पलही नव्हती.

तासाभरात लोक जमले. पाहतात तर कॅन लवंडून दूध थेट बाईच्या पायापर्यंत वाहत गेलेलं. आणि आजूबाजूच्या एकाही शेतात रोह्याचा एक खूर उमटलेला नाही.

"अभिषेक करून घेतला तिनं!" भागीरथाबाई म्हणाल्या. गावात कोणाचं बारसं असो की भांडण, भागीरथाबाईंच्या तोंडून निघेल तेच शेवटचं. त्यांनी केशवरावांकडे वळून विचारलं, "केशवराव, हे कोणं उभी केली हो?"

केशवरावांनी त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण सत्तर वर्षांत त्यांनी सरळ उत्तर असं कधी दिलंच नव्हतं. त्यांच्या विहिरीत एकदा मगर निघाली होती आणि त्यांच्या म्हशीने एकदा एसटी अडवून तिकीट काढलं होतं, हे सगळ्या तालुक्याला त्यांनीच सांगितलेलं. ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मले काय मालूम बाप्पा? म्या सकाळी येऊन पाह्यलं, तं उभी!"

दुपारपर्यंत तिचं नाव 'रोह्यांची बाई' पडलं आणि तिला अकरा नारळ, लिंबाची माळ आणि हिरव्या बांगड्या चढल्या. छातीवर कुंकू, घेरावर हळद. कापराची एक ठिणगी उडाली आणि जाळीला पाच पैशांच्या नाण्याएवढं भोक पडलं. उजवी बाही लिंबाच्या माळेच्या तारेत अडकून टरकन फाटली. केशवराव बांधावर बसून प्रत्येक नव्या माणसाला गोष्ट सांगत होते, आणि प्रत्येक वेळी बाई हातभर उंच होत होती.

संध्याकाळी हर्षा बसने घरी आली. चपलाही न काढता म्हणाली, "आबा, आत्याचं गाठोडं कोठी हाय? त्यात माहा ड्रेस हाय. काळा. जाळीचा."

केशवरावांच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला.

"काहून हो," त्यांची बायको जयवंताबाई नवऱ्याचा चेहरा पाहून म्हणाल्या, "मगर दिसली काय?"

मग त्यांना सांगावंच लागलं. हर्षा ओरडली नाही, रडलीही नाही. तिने नुसतं विचारलं, "आत्यानं पह्यल्या संक्रांतीची साडी फाडली आबा त्याच्यासाठी. मालूम हाय काय तुमाले?" आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. केशवरावांना वाटलं, ही ओरडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी दिवस उगवताच ते शेतात पोचले. बाईसमोर वीसेक माणसं आधीच बसलेली. केशवरावांनी मडक्याला हात घातला मात्र, भागीरथाबाई कडाडल्या, "ओ! हात काढा!"

"अव भागीरथा, हा माह्या नातीचा ड्रेस हाय. म्याच घातला."

सगळे हसले. शेषराव तर पोट धरून हसला. "बापू, असा ड्रेस कोणी पोरीले घालते काय? सांगा आता, म्हशीनं शिवला म्हणून!"

"आईची आण बे, खरं सांगून राह्यलो!"

"मगरीच्या टायमालेही आईचीच आण घेतली होती तुमी."

केशवराव मटकन धुऱ्यावर बसले. जन्मात पहिल्यांदा ते खरं बोलत होते आणि एक माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता. घरी पोरगी भिंतीकडे पाहत बसलेली, संध्याकाळी सहाला प्रॉम, आणि अमरावती दोन तासांवर. त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. त्यांना असं मात्र कोणी आधी पाहिलं नव्हतं. हसणं थांबलं.

तेवढ्यात मागून जयवंताबाई आल्या. बरोबर हर्षा, आणि हातात कोरी हिरवी साडी. दिवाळीला सुनेने घेतलेली, अजून घडीही न मोडलेली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ भागीरथाबाईंना म्हणाल्या, "बाई कालपासून एकाच कपड्यावर उभी हाय. नवीन नेसवाची का नाही तिले?"

भागीरथाबाई विचारात पडल्या. "नेसवा तं लागते."

"आन् उतरवलेलं कोणाले देतेत?"

"प्रसाद म्हणून देतेत. लेकीबाळीले."

"मंग हे पाहा लेक," असं म्हणून जयवंताबाईंनी हर्षाला पुढे ढकललं.

पाच सवाष्णींनी आडोसा धरला, बाई हिरवी झाली, आणि भागीरथाबाईंनी काळा ड्रेस हर्षाच्या ओटीत घातला. हर्षाने तो उलगडला. कुंकू, हळद, भोक, फाटकी बाही, आणि सगळीकडून उदबत्तीचा वास. तिचा चेहरा पडला. "धुऊन, बाही शिवून घेते आता," ती कशीबशी म्हणाली.

"प्रसाद धुतेत काय व?" भागीरथाबाई म्हणाल्या. "सुईही लावाची नाही. आन् पह्यल्यांदा घालाचा तं एकटीनं नाही जावाचं. आमी येतो सोडाले."

अशा रीतीने शेषरावाने भावाची जीप काढली. पुढे केशवराव, मागे काळ्या ड्रेसमधली, काळी लिपस्टिक लावलेली हर्षा आणि तिच्याभोवती नऊवारी-सहावारीतल्या अकरा बायका. वलगावच्या पुढे हर्षाचा मोबाइल वाजला. शाळेचा निरोप होता. तिने वाचला आणि मोबाइल आजीच्या मांडीवर ठेवला.

"काय म्हणते?" जयवंताबाईंनी विचारलं.

"काही पोरी ऑनलाइन काळे भुताचे ड्रेस मागवून राहिल्या म्हणे. असे ड्रेस घातले तं गेटवरूनच वापस. फक्त सभ्य आणि पारंपरिक पोशाख." तिचा आवाज बारीक झाला. "फिरवा जीप, शेषूकाका."

"थांब," भागीरथाबाई म्हणाल्या. "पारंपरिकच तं हाय."

शाळेच्या फाटकावर प्राचार्या रमा मॅडम स्वतः उभ्या होत्या. शेजारी भिंतीला टेकून सहा पोरी रडत होत्या, सहाही काळ्या कपड्यांत. हर्षा जीपमधून उतरली तशी मॅडमनी हात आडवा केला.

"हर्षा, तूसुद्धा? मेसेज वाचला नाहीस? हा काय अवतार आहे?"

"अवतारच हाय!" भागीरथाबाई जीपमधून उतरत म्हणाल्या. त्यांच्यामागून एकेक करत दहा बायका उतरल्या. "बाईच्या अंगावरचा प्रसाद हाय हा, मॅडम. रोह्यांच्या बाईच्या. हे कुंकू पाहा, हे हयद पाहा. उतरवाचा असन तं उतरवा तुमच्या हातानं. मंग काय होईन ते आमाले नाही विचाराचं."

मॅडमनी कुंकू पाहिलं. हळद पाहिली. कापराने पडलेलं भोक पाहिलं. उदबत्तीचा वास आला तसा त्यांचा आडवा हात आपोआप उभा झाला आणि दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला. "नाही, म्हणजे... प्रसाद असेल तर तो पारंपरिकच झाला," त्या म्हणाल्या.

रडणाऱ्या सहा पोरींनी हे ऐकलं. भागीरथाबाईंनी कमरेची चंची सोडली, कुंकवाची डबी काढली आणि सहाही जणींच्या काळ्या कपड्यांवर एकेक बोट ओढलं. "जा व पोरीहो. तुमीबी पारंपरिक."

हर्षा आत शिरली तेव्हा खरोखरच सगळं सभागृह वळलं. एका पोरीने बाहीची फाटकी जाळी बोटात धरून विचारलं, "ए, हे इतकं भारी कुठे करून मिळालं गं?"

हर्षाने मागे पाहिलं. आबा फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन उभे होते. आत यायची त्यांची छाती नव्हती. ती तशीच माघारी धावत गेली आणि त्यांना मनगटाला धरून आत ओढत घेऊन आली.

"शिवला माह्या आत्यानं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आन् फिनिशिंग माह्या आबानं केलं. त्यायनं हात लावला नसता, तं मी आज गेटवरूनच वापस गेली असती." मग हळूच, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाली, "थँक्यू आबा. आत्याले आताच फोटो धाडते."

आबा आत आले म्हटल्यावर अकरा बायका बाहेर थांबणं शक्यच नव्हतं. डीजेच्या तिसऱ्या गाण्याला भागीरथाबाईंनी हर्षाचे हात धरले आणि फुगडी घातली. सात घेर असे उघडले की मुलं भिंतीला जाऊन चिकटली. चौथ्या गाण्याला सगळ्या पोरी फुगडीसाठी रांगेत होत्या.

केशवराव कोपऱ्यात उभे राहून पाहत होते. आभार मानावेत असं त्यांना फार वाटत होतं. पण कोणाचे, ते ठरेना. साधनाचे? जयवंतेच्या डोक्याचे? भागीरथेच्या तोंडाचे? शेवटी त्यांनी सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या माणसालाच मनापासून हात जोडले. त्या नेमक्या रमा मॅडम होत्या.

मॅडमनी दचकून उलट हात जोडले. इकडेतिकडे पाहिलं, एक पाऊल जवळ सरकल्या आणि खालच्या आवाजात विचारलं, "आबा, दहावीच्या गणिताचा निकाल आमचा दरवर्षी जरा कमी लागतो. बाई त्यातलंही काही बघतात का?"

केशवरावांनी एकदा नातीकडे पाहिलं. आजपासून खरं बोलायचं, असं त्यांनी सकाळी धुऱ्यावर बसून ठरवलं होतं. मग त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"मॅडम," ते म्हणाले, "गेल्या साली आमच्या म्हशीले बाईनं पाढे शिकवले."