राखणदारणीचा गिलावा

एका जंगलात, म्हणजे कुठलंही जंगल धरा, एक मोठा उंबर होता. पोरांनो, मध्ये बोलायचं नाही. प्रश्न शेवटी विचारायचे. शेवटीही नकोत.

उन्हाळ्यात बाकीची झाडं कोरडी पडत. मग सगळं रान त्या उंबरावर जगे. म्हणून उंबराला राखणदार लागे. कच्चं फळ कुणी तोडू नये, पिकलेलं सगळ्यांना मिळावं, एवढं त्यानं बघायचं.

यंदा पंचायतीनं जाहीर केलं, जो माकडांना दिवसभर झाडाबाहेर ठेवील तो राखणदार. रानडुक्कर सकाळीच पळालं. मोर पिसारा सावरत राहिला. चंद्रा नावाच्या धनेशिणीनं मात्र अंधार पडेपर्यंत एकाही माकडाला फांदीला हात लावू दिला नाही. धनेशाची चोच केवढी मोठी असते, ते माकडांना त्या दिवशी कळलं.

पंचायतीचा मुख्य गवा. त्याला सगळे आबा म्हणत.

"चंद्रा, राखण तुझी," आबा म्हणाले. "आपल्या संस्कृतीत बाईला देवीचा मान आहे."

"मान असू दे, आबा. झाडावर कधी बसू?"

"आधी सत्कार."

इथंच तिला शंका यायला हवी होती.

धनेशांचा एक रिवाज आहे. अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत बसते. ढोलीचं तोंड चिखलानं लिंपतात. चोचीपुरती फट ठेवतात. नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. पिलांसाठी ते ठीकच. चंद्राही पूर्वी बसली होती. कुरकुर केली नव्हती.

सत्काराच्या दिवशी तिचा नवरा केरोबा चोचीत चिखल घेऊन आला. मागून सासू आली. तिच्याही चोचीत चिखल.

"अहो, यंदा अंडी कुठं आहेत?" चंद्रानं विचारलं.

"अंडी नाहीत, पण पद आहे ना! एवढ्या पदाची बाई उघड्यावर बसली तर लोक काय म्हणतील?"

"मग राखण कोण करणार?"

"तूच. मी नुसता झाडावर बसणार. तू आतून सांगायचं, मी करायचं. घरबसल्या मान मिळतोय, आणखी काय पाहिजे?"

सासूनं ढोलीची फट निरखून पाहिली. "केरोबा, जरा मोठीच ठेवलीस. आमच्या वेळी एवढी नसायची. आम्ही कधी तोंड उघडलं नाही."

"उघडायला जागाच नव्हती, आत्याबाई," चंद्रा म्हणाली.

पण समोर सगळं रान फुलं घेऊन उभं होतं. नाही म्हणणं म्हणजे सगळ्यांचा अपमान. चंद्रा आत गेली. केरोबानं लिंपलं. आबांचे डोळे भरून आले.

फटीतून तिला उंबर दिसत होता.

"अहो, माकडं खालच्या फांदीवर आलीत!"

"बघतो, बघतो," केरोबा म्हणायचा.

माकडांचा म्होरक्या त्याच्या शेजारीच बसलेला असायचा. "वहिनींना कशाला त्रास द्यायचा, केरोबा? आपण आपसांत मिटवू की."

ते मिटवत गेले. कच्ची फळं जात राहिली. केरोबानं बायकोला भरवायला आणलं, तेही फळ हिरवंच.

"हे कच्चं आहे."

"गोड मानून घे."

ऐन उन्हाळ्यात उंबर ओरबाडला गेला. हरोळ्यांची, म्हणजे हिरव्या कबुतरांची, पिलं भुकेनं ओरडू लागली. पंचायत बसली.

"बाईला राखण दिली आणि झाड गेलं," आबा म्हणाले. "तिचा दोष नाही. तिच्या आवाक्याबाहेरचं काम होतं. आम्हीच उदार झालो."

केरोबानं मान खाली घातली. "मी पुष्कळ सांभाळून घेतलं, आबा."

हे ढोलीपर्यंत ऐकू आलं. चंद्रानं गिलाव्यावर चोच मारली. पुन्हा मारली. वाळलेली ढेकळं खाली पडली. ती तशीच मातीनं माखलेली पंचायतीपुढं येऊन बसली.

"आबा, झाडावर कोण बसलं होतं? सगळ्यांनी पाहिलंय. कुणीतरी सांगा."

म्होरक्या आभाळाकडे बघू लागला.

शेवटी आबांनी तोंड उघडलं. "तू बाहेर कशी आलीस?"

"चोचीनं."

एकच गलका झाला. सासू फांदीवरच कलंडली. उंबर बाजूला राहिला आणि चौकशी लागली ती गिलाव्याची. चिखल कुठल्या ओढ्याचा होता? नीट मळला होता का? कच्चं काम केल्याबद्दल केरोबाला समज दिली गेली. आणि त्याला आता अनुभव आहे म्हणून राखण कायमची त्याच्याकडे सोपवली.

हे ऐकायला चंद्रा थांबली नव्हती. ती जाऊन उंबरावर बसली. खोडाला नवी फळं धरू लागली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. म्होरक्यानं हात पुढं केला. हात लगेच मागं गेला. बोट चोखत तो खाली उतरला.

"खाली ये!" आबा ओरडले.

"फळ पिकलं की येते."

झाडावर बसलेल्या बाईला उतरवायचं कसं, याचा रिवाज कुणालाच ठाऊक नव्हता. त्यावर पंचायत अजून बसली आहे.

तात्पर्य: बाईनं काम मागितलं तर तिला मान द्यावा. तरीही काम मागितलं तर आणखी मान द्यावा. एवढं करूनही ती कामाला लागलीच, तर संस्कृती बुडाली म्हणून मोठ्यानं रडावं. फळं पिकली की मात्र रडणं थांबवून रांगेत पहिलं उभं राहावं.