सर्वांत लांब रांगेतले डॉक्टर

डॉक्टर माधवराव करंदीकर सुपरमार्केटमध्ये शिरले की पैसे द्यायच्या सगळ्या रांगांवरून नजर फिरवत आणि त्यातली सर्वांत लांब रांग निवडत. हातात काय, तर दुधाची बाटली आणि कोथिंबिरीची जुडी. त्यातूनही मागे कुणी भरलेली ट्रॉली घेऊन आलं, की हे हसून बाजूला होणार, "आफ्टर यू!"

एकदा मी पलीकडच्या काउंटरवरून हाक मारली, "अहो डॉक्टर, इकडे या! इथे कुणीच नाही!"

"म्हणून तर नको," ते तिथूनच म्हणाले. "माझी साधना चालू आहे."

विलायतेतल्या आमच्या ईलिंगच्या रस्त्यावर ही साधना सगळ्यांना पाठ झाली होती. गॅसवाल्यांना फोन लावून ते होल्डवरचं संगीत डोळे मिटून ऐकत. चाळीस मिनिटांनी कुणी फोन उचललाच, तर हिरमुसत. बस दोन मिनिटांत आली, तर दिवस फुकट. "रेड सिग्नल हा गुरू आहे, वहिनी. दक्षिणासुद्धा मागत नाही."

मी तेव्हा पन्नाशीची होते आणि स्वतःला भलतीच कामाची समजत होते. टोस्टरसमोर उभी राहून त्याला "चल, चल" म्हणणारी बाई! समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं मीच पूर्ण करायचे, बहुतेक वेळा चुकीचं. नवरा म्हणायचा, "अगं, मला वेगळंच सांगायचं होतं." मी म्हणायचे, "माझं जास्त बरं आहे."

गंमत म्हणजे, नोकरीत असताना हे डॉक्टर माझ्याही वरचढ होते म्हणे. लिफ्टची वाट न बघता पाच मजले धावत चढायचे आणि वर पोचल्यावर लिफ्टला शिव्या द्यायचे. म्हणून पोस्टाच्या रांगेत एकदा मी विचारलंच, "ही साधना दिली कुठल्या महाराजांनी?"

"नलूने," ते म्हणाले.

नलूताई म्हणजे त्यांची बायको. वर्षापूर्वी त्यांना स्ट्रोक आला होता.

"शब्द आहेत हो तिच्याकडे. यायला वेळ लागतो. मी आपला घाईघाईने पुरवायचो. चहा? पाणी? शाल? एक दिवस रडली आणि बोलायचीच थांबली. महिनाभर एक शब्द नाही." रांग पुढे सरकली, डॉक्टर जागचे हलले नाहीत. "थांबणं मला येतच नव्हतं, वहिनी. कुठेतरी शिकायला हवंच ना?"

त्या संक्रांतीला हळदीकुंकू माझ्याकडे होतं. नलूताईंना खुर्चीत बसवून डॉक्टर दाराशी बायकांचे कोट सांभाळत उभे राहिले. उखाण्यांची फेरी सुरू झाली. नलूताईंची पंचाईत नको म्हणून मी त्यांना हळूच वगळून पुढे सरकले, तर त्यांनी माझा पदर धरला.

"ईलिंगच्या... थंडीत..."

कुणीतरी घड्याळ पाहिलं. बाहेर पार्किंगची वेळ संपत आली होती.

"चहात... घातलं... आलं..."

आणि त्या अडल्या. ओठ हलत होते, नाव येत नव्हतं. खोलीतल्या प्रत्येकीला ते ठाऊक होतं. माझ्या तर जिभेवरच येऊन बसलं होतं. शेवटी मी तिळाची अख्खी वडी तोंडात कोंबली. डॉक्टर मात्र सहा-सात कोट कवटाळून असे उभे होते, जणू उरलेल्या आयुष्यात त्यांना दुसरं कामच नाही.

"मा... माधवरावांचं... धावणं... एकदाचं... बंद झालं!"

बायकांनी घर डोक्यावर घेतलं. मी दाराकडे वळून पाहिलं. डॉक्टरांनी कोटांच्या ढिगात तोंड खुपसलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. "अहो डॉक्टर, आता तुम्ही घ्या नाव!" कुणीतरी ओरडलं. नलूताईंनी हात वर करून आम्हा सगळ्यांना गप्प केलं, आणि डॉक्टरांची मान वर येईपर्यंत शांतपणे त्यांच्याकडे बघत बसल्या.