चोराला नको असलेलं झाकण

नगरपालिकेतल्या त्या अभियंत्याला सगळे ‘झाकणसाहेब’ म्हणत, आणि तेही तोंडावर. वर्षभर त्याचं एकच पालुपद चाललं होतं: गटारांवर लोखंडी झाकणं नकोत, फायबरची बसवा. लोखंडी झाकण भंगारात विकलं जातं म्हणून चोरीला जातं, आणि नगरपालिका पुन्हा नवं घेते. फायबरला भंगारवाला हातही लावत नाही. घेताना थोडं महाग, पण एकदाच घ्यायचं. उघड्या गटारात जाऊन आईचा पाय मोडला, तेव्हापासून बिचाऱ्याने हा विषय जिवाला लावून घेतला होता.

शेवटी नगराध्यक्षाबाई कंटाळल्या. “एक बसवा तुमच्याच गल्लीत. महिन्याने बघायला येते. जागेवर असलं तर सगळीकडे घेऊ. नसलं, तर हा विषय पुन्हा माझ्यापुढे काढायचा नाही.”

महिना भरला. बाई यायच्या म्हणून साहेब सकाळीच फडकं घेऊन झाकण पुसायला गेला. पुसायला झाकणच नव्हतं.

“आई! झाकण गेलं!”

आई काठी टेकत दारात आली. “जाईल कसं? कालच दोन हमालांकडून चांगलं जड, लोखंडी बसवून घेतलंय.”

“लोखंडी?”

“जिन्याखाली जुनं पडलं होतं ना, तेच. तुझ्या त्या प्लास्टिकवर माझा नाही बाबा भरवसा. महिनाभर वळसा घालून चालतेय. आज बाईंनी त्यावर पाय दिला आणि खाली गेल्या, तर तुझी नोकरी राहील का?”

साहेबाने कपाळावर हात मारला. “आणि माझं कुठाय?”

“मोरीतल्या पिंपावर. अगदी मापात बसलंय.”

तो मोरीकडे धावला. झाकण काखेत मारून परत येतो तो गाडी दारात, आणि आई काठी आडवी धरून नगराध्यक्षाबाईंना अडवतेय. “पुढे येऊ नका हो, गटार उघडं आहे!”

“म्हणजे गेलंच ना चोरीला?” बाईंनी विचारलं.

साहेबाने काखेतलं झाकण पुढे केलं. आईच म्हणाली, “त्याचं नाही गेलं, माझं गेलं. त्याचं महिनाभर जागचं हललं नाही. मी शहाणपणा करून लोखंडी बसवलं, ते एका रात्रीत गायब!”

बाईंना हसू आवरेना. “पण आजी, तुमचाच भरवसा नाही, तर लोकांचा कसा बसायचा?”

साहेबाने झाकण गटारावर बसवलं. आई क्षणभर त्याकडे बघत राहिली. मग लेकाच्या खांद्याला धरून तिने आधी तो मोडलेला पाय वर ठेवला, मागून दुसरा. लेकाचे डोळे भरून आले. झाकण जराही हललं नाही.

“या की तुम्हीपण,” तिने बाईंना हात दिला. “दोघींना पुरेल.”

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, साडी सावरली आणि चढल्या. “मंजूर,” त्या म्हणाल्या.

“मंजूर ते ठीक,” आई वरूनच म्हणाली, “पण मागवताना एक जास्तीचं मागवा. माझं पिंप उघडं पडलंय.”