नागेंद्रची पर्मनंट नोकरी

चौकशीला आलेला माणूस आपण उंबऱ्यावरच ओळखतो, असं येळ्ळूरचे आण्णाप्पा छातीठोक सांगायचे! थोरल्या नागेंद्रसाठी स्थळं हुडकून त्यांचे गुडघे झिजले होते, जीभही झिजली होती. पोरगा बी.कॉम., मराठी-कन्नड फाडफाड बोलणारा. पण नोकरी नाही म्हटलं की पोरीकडची माणसं अर्धा चहा टाकून उठायची.

त्यामुळं बूट नीट जोडीनं काढून प्राध्यापक रघुवीर सोप्यात टेकले, तेव्हा आण्णाप्पांनी लगेच ताडलं, हा पोरीकडचाच!

"मी अर्थशास्त्र शिकवतो," प्राध्यापक म्हणाले. "पोरांना काम का सापडत नाही आणि काम देणाऱ्याला पोरं का सापडत नाहीत, याचा अभ्यास करतोय."

आण्णाप्पा मनात हसले. मागच्या खेपेचा चौकशीवाला म्हशीचा विमा काढायला आलोय म्हणाला होता!

"आपला मुलगा काय करतो?"

"बेळगावात कंपनीत हाय. पर्मनंट! जेवायला सवड न्हाय त्याला!"

आत झोपलेला नागेंद्र नेमका तेव्हाच घोरला.

"रात्रपाळी हाय," आण्णाप्पा घाईनं म्हणाले.

प्राध्यापक शेजारी गुणाबाईंकडे गेले. लग्नाच्या चौकशीत शेजाऱ्याच्या पोराला वर चढवूनच सांगायचं, हा गल्लीचा धर्म. "नागेंद्र? आवो, साहेब हाय त्यो! हाताखाली माणसं हाईत!" पुढच्या घरात नागेंद्रला कंपनीची मोटार मिळाली.

गल्ली संपवून प्राध्यापक परतले ते पार दमून. "काका, तुमच्या गल्लीत बेकार कुणी नाहीच! मला घरोघरी प्रश्न विचारायला एक रिकामा मुलगा हवा होता. मराठी-कन्नड येणारा. विद्यापीठाचा पगार, दोन वर्षांचं काम. कधीपासून हिंडतोय, सापडतच नाही."

आण्णाप्पांच्या पायाखालची फरशी सरकली. "साहेब, माझा पोरगा रिकामाच हाय की!"

"काका, पगाराचं ऐकलं की सगळे असंच म्हणतात."

"आईशप्पत बेकार हाय! गुणाक्का, सांग की गं ह्यास्नी!"

गुणाबाई दारात आल्या. घामाघूम आण्णाप्पांकडे बघून त्यांना भरून आलं.

"साहेब, आमचे आण्णा लई साधे. पोराची बढाई म्हणून मारायचे न्हाईत. मी सांगते न्हवं, पोरगा साहेबच हाय!"

प्राध्यापकांनी हात जोडले, बूट घातले. गाडी दुसरा रिकामा मुलगा शोधायला बेळगावातल्या खासबागच्या दिशेनं गेली. आण्णाप्पा मटकन पायरीवर बसले. आतून रात्रपाळी जोरात ऐकू येत होती.

गुणाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "आण्णा, घाबरून तुम्ही बोलून गेला व्हय! पर मी हाय न्हवं? पोराची नोकरी जाऊ दिली न्हाय बघा!"