उसन्या वाक्यांचे खांबेटे

बहारीनमध्ये, सनाबिसला, आमच्या समोरच्या दारात राहणारे खांबेटे “आज उकडतंय” हेसुद्धा स्वतःच्या जबाबदारीवर बोलत नसत. “आज उकडतंय, असं खालचा इस्त्रीवाला म्हणाला,” असं सांगून मग स्वतःच्या कपाळावरचा घाम पुसायचे.

मनाम्यातल्या एका बँकेत ते ऑडिटर होते. बायको-मुलं पुण्याला. “श्रेय ज्याचं त्याला” हे त्यांचं पालुपद. तेही पहिल्या साहेबांचं आहे, हे सांगितल्याशिवाय म्हणायचे नाहीत. दर शुक्रवारी, सुट्टीला, ते रत्नागिरीच्या हमीदभाईंकडे जेवायला जात. मग आठवडाभर “बांगडा असा निवडावा, असं भाभी म्हणतात.” दहा मिनिटं गप्पा मारल्या की आपण नेमके कुणाशी बोललो, हेच मला कळेनासं व्हायचं.

कुवेतची लढाई आटोपून दोनेक वर्षं झाली होती. हमीदभाई नोकरी सोडून कायमचे गावी निघाले. अशा वेळी आमच्या मराठी मंडळात निरोपाचं भाषण व्हायचं. भाषण वर्षानुवर्षं एकच, फक्त नाव बदलायचं. कुणाचंच काही अडत नसे. या खेपेला जिवलग दोस्त म्हणून ते खांबेट्यांकडे गेलं आणि मी हबकलोच.

“‘माणूस जातो, माया उरते,’” खांबेट्यांनी सुरुवात केली. “हे वाक्य साठ्यांचं. कुलकर्ण्यांच्या निरोपाला ते बोलले होते. साठे म्हणतात, त्यांनी जोश्यांकडून घेतलं. जोशी हल्ली मस्कतला असतात. फोन करून परवानगी घेतली आहे.”

साठे लाजत उभे राहिले. टाळ्या पडल्या. गोंधळलेल्या चिटणिसांनी हार साठ्यांच्याच गळ्यात घातला.

“अरे खांबेटे,” हमीदभाई ओरडले, “जातोय कोण? मी का साठे?”

सगळे हसले. खांबेटे हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

“आता पुढचं वाक्य. हे कुणाचंच नाही.” ते हमीदभाईंकडे वळले. “हमीद, शुक्रवारी मी कुणाकडे जेवू?”

टाळी वाजली नाही. हमीदभाईंनी उठून त्यांना मिठी मारली. मला गलबलून आलं. त्यांच्या समोरच्या दारात आम्ही इतकी वर्षं राहत होतो.

पुढच्या शुक्रवारी आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. पहिला घास घेऊन ते म्हणाले, “कालवण भाभींच्या हातच्यासारखं नाही झालं.”

“असं कोण म्हणतं?” मी सवयीने विचारलं.

“मी,” खांबेटे म्हणाले, आणि ताट पुढे केलं.