टोमॅटोचा देश कोणता?

सीमेवरच्या नाक्यातल्या कारकुनाने त्या सोमवारी बाईंना सरळ सांगितलं होतं की गाडी पलीकडच्या फाटकातून आत गेली की मग मी तुमच्या कागदावर शिक्का मारतो. आम्ही रोज असंच करतो, म्हणाला. पण बाई एकतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. भिंतीवर नियमांची पाटी दिसली की ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पाटीवर स्वच्छ लिहिलं होतं : कागदपत्रांची तपासणी पूर्ण होताच शिक्का मारण्यात यावा.

"तपासणी पूर्ण झाली का?" बाईंनी विचारलं.

"झाली."

"मग मारा."

कारकुनाने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा पाटीकडे पाहिलं आणि दोन्ही प्रतींवर जोरात शिक्का उमटवला. कागदावर माल देशाबाहेर गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या वेळी बाईंना आपण एका सरकारी माणसाला वळण लावलं याचंच समाधान होतं.

टेम्पोत ऐंशी क्रेट टोमॅटो होते. निवृत्तीनंतर बाईंनी माहेरच्या वाटणीची जमीन कसायला घेतली, त्याला अकरा वर्षं झाली होती. एकेक टोमॅटो त्या स्वतः हाताने निवडत. देठाशी चीर असलेला बाजूला, डाग असलेला बाजूला, आकार बसत नसेल तो बाजूला. वह्या तपासाव्यात तसे त्या टोमॅटो तपासत आणि उत्तीर्ण होणारे तेवढेच क्रेटमध्ये जात. प्रवास तीन दिवसांचा म्हणून फळ नुकतं गुलाबी होताना तोडायचं, म्हणजे पलीकडच्या शहरात पोचेपर्यंत ते बरोबर लाल होतं. पलीकडचे लोक या मालाची वाट बघत. इकडच्या बाजारात मात्र तोच माल दुपारपर्यंत ऊन खात पडून राहायचा.

टेम्पो चालवायला बाईंचे यजमान. ते गाडी सांभाळत आणि बोलायचं काम बायकोवर सोडत, त्यामुळे संसार सुखाचा झाला होता.

आपलं फाटक आणि पलीकडचं फाटक यांच्यामध्ये दोनशे पावलांचा डांबरी पट्टा होता. तो ओलांडून टेम्पो पलीकडे पोचला, तर फाटक बंद. आत खुर्चीवर भरघोस मिशांचे एक साहेब बसले होते. त्यांनी गजांमधून एक कागद बाहेर दिला. आज सकाळी साडेदहापासून शेजारी देशातील ताज्या टोमॅटोस प्रवेश बंद. कारण : कीड. बाईंनी घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी होते.

कीड कसली डोंबलाची. खरी गोष्ट सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. पलीकडच्यांच्या काचेच्या बरण्या आपल्याकडे फार स्वस्तात येतात म्हणून आपल्या सरकारने बरण्यांवर कर वाढवला. त्यांना राग आला. राग आला तर त्यांनी आपल्या बरण्या अडवायच्या, पण आपण बरण्या पाठवतच नाही. पाठवतो टोमॅटो. म्हणून टोमॅटो अडवले. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि वर संन्याशालाच कीड लागलीय म्हणायचं.

"अकरा वर्षं हाच टोमॅटो तुम्ही आत घेताय," बाई म्हणाल्या. "काल रात्रीपर्यंत कीड कुठे होती?"

"मॅडम, मला वरून आदेश आहे."

"बरण्यांचं भांडण बरण्यांत मिटवा ना. माझ्या टोमॅटोने काय घोडं मारलंय तुमचं?"

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

तेव्हा बाईंनी ठरवलं की इथे डोकं फोडण्यात अर्थ नाही. माल लालसर व्हायला लागायच्या आत परत न्यावा आणि मिळेल त्या भावाने घरच्या बाजारात काढावा. टेम्पो वळला. दोनशे पावलं मागे येऊन आपल्या फाटकाशी थांबला. आतून तोच कारकून आला. त्याने कागद हातात घेतले, स्वतःचाच शिक्का नीट न्याहाळला आणि विचारलं, "बाहेरून काय आणलंय?"

बाईंना वाटलं, माणूस थट्टा करतोय. पण त्याची थट्टा नव्हती. शिक्क्याप्रमाणे माल देशाबाहेर गेला होता. बाहेर गेलेला माल आत आला की ती आयात. आयातीचा फॉर्म वेगळा. त्यात चौथा रकाना : माल कोणत्या देशात पिकला. बाईंनी आपल्या देशाचं नाव लिहिलं. कारकुनाने फॉर्म परत दिला. आपल्या देशाचा माल आपल्या देशात आयात करता येत नाही, म्हणाला. पिकला तिकडे, असा तिकडचा दाखला लागेल.

"अहो, तिथे शेत आहे माझं," बाईंनी डोंगराकडे बोट केलं. "इथून झाडं दिसतायत. सकाळी तुम्हीच शिक्का मारलात."

"मी नंतर मारतो म्हणत होतो, बाई."

 एकतीस वर्षांत त्यांना निरुत्तर करणारा हा पहिलाच निघाला. शिक्का रद्द करायची सोय होती, नाही असं नाही. मुख्य कार्यालयाकडे अर्ज करायचा आणि कामकाजाचे पंधरा दिवस थांबायचं. पंधरा दिवसांत टोमॅटोचं पाणी होऊन ते पट्ट्यावरून वाहून गेलं असतं.

असे ते ऐंशी क्रेट दोन देशांच्या मध्ये ना इकडचे ना तिकडचे होऊन बसले. मंगळवारी फळं लालसर झाली. यजमानांनी ताडपत्री बांधली, बाईंनी पोती ओली करून क्रेटवर पसरली आणि दोन्ही फाटकांकडे आलटून पालटून खेपा घातल्या. इकडचा कारकून दाखला मागे. तिकडचे साहेब म्हणत, जे माझ्या देशात पिकलं नाही त्याचा दाखला मी कसा देऊ. दोघांचंही बोलणं नियमाला धरून होतं, आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जात होती ती याचमुळे. नियम मोडणाऱ्याला त्या आयुष्यभर रागावत आल्या. नियम पाळणाऱ्यावर कसं रागवायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

बुधवारी माल पुरता लाल झाला. थोडे मऊ पडलेले बाईंनी वेगळे काढले. टाकवले नाहीत म्हणून दोन्ही फाटकांवरच्या पहारेकऱ्यांना वाटून टाकले. पलीकडच्यांनी ते मीठ लावून खाल्ले आणि आणखी आहेत का विचारलं. म्हणजे कीड फक्त टेम्पोतल्या टोमॅटोला होती, न्याहारीच्या टोमॅटोला नव्हती. बाईंनी हे मिशीवाल्या साहेबांना ऐकवलं. साहेबांच्याही हातात अर्धा टोमॅटो होताच.

त्यांनी तो खाऊन संपवला, हात पुसले आणि खुर्ची गजांजवळ ओढली. मग हळू आवाजात आपली अडचण सांगितली. बरण्या जायच्या थांबल्यापासून त्यांच्या नाक्यावरून काहीच बाहेर जात नव्हतं. वरून मात्र रोज विचारणा व्हायची, आपली निर्यात जोरात चालू आहे असं दाखवायचंय, आकडा पाठवा. तीन दिवस ते शून्य पाठवत होते. आणखी एक शून्य गेलं तर त्यांची बदली ठरलेली.

"मॅडम, टोमॅटो आत घ्यायला बंदी आहे," ते म्हणाले. "बाहेर पाठवायला नाही."

बाईंना समजायला एक क्षण लागला. समजलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खोटं लिहायचं?"

"दाखला मी लिहितो. तुम्ही फक्त घ्या."

बाई टेम्पोच्या पायरीवर जाऊन बसल्या. आयुष्यात त्यांनी खोट्या कागदाला हात लावला नव्हता. आजारपणाची खोटी चिठ्ठी आणणाऱ्या मुलाला त्या दिवसभर वर्गाबाहेर उभं करत. आणि हे टोमॅटो तर त्यांच्या हातचे, रोपापासून वाढवलेले. ते दुसऱ्या कोणाच्या मातीचे आहेत असं म्हणायचं म्हणजे पोटचं पोर शेजाऱ्याच्या नावावर करण्यासारखं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. यजमानांनी एक टोमॅटो उचलून अंगठ्याने दाबून पाहिला.

"उद्या दुपारपर्यंत," ते म्हणाले. तीन दिवसांतलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

बाईंनी दाखला घेतला. साहेबांनी आकडा वर कळवला. कारकुनाने चौथा रकाना पाहिला, मान डोलावली आणि आयातीचा कर भरून घेऊन फाटक उघडलं. क्रेटवर 'परदेशी माल' अशा चिठ्ठ्या त्याने स्वतः चिकटवल्या. नियमच होता तसा.

शरमेने बाई बाजारात गेल्याच नाहीत. यजमान एकटे गेले. टेम्पोवाला म्हणून त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे चिठ्ठ्यांवर. एरवी दुपारपर्यंत ऊन खाणारा माल चहा थंड व्हायच्या आत उचलला गेला, तोही तिप्पट भावाने. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा बाई खूश व्हायच्या सोडून अशा भडकल्या की यजमान गाडी धुवायच्या निमित्ताने बाहेर निघून गेले. टोमॅटो तोच, माती तीच, निवडणारे हात तेच. एका खोट्या चिठ्ठीने ज्याची किंमत वाढते, त्याची खरी किंमत या लोकांनी अकरा वर्षांत केली तरी कधी होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी आसपासचे दहा-बारा शेतकरी दारात उभे. सगळे संतापलेले. बाजारात पलीकडचे टोमॅटो घुसलेत, म्हणाले. ते आपला माल अडवतात आणि स्वतःचा इथे आणून विकतात, आणि आपलं सरकार झोपलंय. त्यांना कडक निवेदन द्यायचं होतं. शुद्ध आणि मुद्देसूद लिहिणार कोण, तर बाई.

खरं बोलावं तर दाखला देणाऱ्या साहेबांची नोकरी जाणार.  पुढारी शेतकऱ्याने पिशवीतून पुरावा म्हणून एक टोमॅटो काढून टेबलावर ठेवला. लाल, देठाशी चीर नाही, डाग नाही. बाईंनी तो लगेच ओळखला.

"राग येतो, पण मालाला नाव ठेवायला जागा नाही," पुढारी म्हणाला. "खरं सांगा बाई, आपल्या मातीत असा टोमॅटो पिकेल का कधी?"

बाईंनी तो हातात घेऊन सवयीने देठाशी तपासला.

"पिकेल," त्या म्हणाल्या. "पण पिकतं तिथं विकत नाही."

हे निवेदनात घालायचं का, असं पुढाऱ्याने विचारलं. नको, म्हणाल्या बाई. मग कागद पुढे ओढून त्यांनी दोन पानांचं असं खरमरीत निवेदन लिहिलं की वाचून दाखवताना दोघातिघांचे डोळे पाणावले. खाली सह्या झाल्या. पहिली सही सर्वांत जास्त अन्याय ज्याच्यावर झालाय त्याने करावी असं ठरलं, आणि कोणी काही बोलायच्या आत ती बाईंनी केली.